९९ सेकंदांचा फसवा मेळ: कपॅसिटर चार्ज होण्याच्या एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील मंडल अगदी साधे आहे. १० व्होल्टचा स्थिर वीजपुरवठा, १ मेगओहमचा एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर, अंगावर १०० मायक्रोफॅरड आणि २५ व्होल्ट असे छापलेला ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, मधली रिकामी जागा असलेला दोनमार्गी स्विच, डिजिटल मल्टिमीटर आणि स्टॉपवॉच एवढीच सामग्री ब्रेडबोर्डवर मांडलेली होती. स्विच एका बाजूला केला की कपॅसिटर रेझिस्टरमार्गे पुरवठ्याला जोडला जाऊन चार्ज होतो. दुसऱ्या बाजूला केला की रेझिस्टरचे तेच टोक शून्य व्होल्टच्या तारेला लागते आणि कपॅसिटर त्याच वाटेने डिस्चार्ज होतो. मधोमध ठेवला तर रेझिस्टर दोन्हींपासून सुटतो. मल्टिमीटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कपॅसिटरच्या दोन टोकांना लावलेला होता.

विद्यार्थ्यांच्या गटाला या मंडलाचा कालस्थिरांक, म्हणजे कपॅसिटर किती झपाट्याने भरतो किंवा रिकामा होतो हे सांगणारा काळ, मोजायचा होता. सूत्राप्रमाणे तो रोध गुणिले धारकता, म्हणजे १ मेगओहम गुणिले १०० मायक्रोफॅरड, अर्थात १०० सेकंद यायला हवा. प्रत्यक्षात ९९ सेकंद आला. डिस्चार्ज करतानाही तो ९९ सेकंदच आला. सैद्धांतिक आणि प्रायोगिक मूल्यांतील फरक १ टक्का असल्याची नोंद वहीत झाली आणि प्रयोग यशस्वी ठरला. मीटरवरचे व्होल्टेज मात्र १० व्होल्टपर्यंत कधीच पोहोचले नाही, ते ८.५७ व्होल्टवर थांबले. ‘प्रयोगातील त्रुटी’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण करण्यात आली. माझ्या मते या प्रयोगात शिकण्यासारखे जे काही होते ते सगळे त्या १.४३ व्होल्टच्या तुटीत होते, आणि जुळून आलेल्या ९९ सेकंदांनी ते झाकून टाकले.

सूत्र काय सांगते

चार्ज होत असताना कोणत्याही क्षणी पुरवठ्याचे व्होल्टेज दोन भागांत वाटले जाते: काही कपॅसिटरवर असते आणि उरलेले रेझिस्टरवर. किर्खहॉफने १८४५ मध्ये मांडलेला व्होल्टेजचा नियम तो हाच. रेझिस्टरवर जेवढे व्होल्टेज उरले असेल त्याच्या प्रमाणात प्रवाह वाहतो, आणि जेवढा प्रवाह वाहतो त्याच्या प्रमाणात कपॅसिटरवरचा विद्युतभार वाढतो. म्हणजे गाठायचे अंतर जितके मोठे तितका कपॅसिटर वेगाने भरतो, आणि अंतर कमी होत जाईल तसा वेगही मंदावतो. ज्या राशीचा घटण्याचा वेग तिच्या स्वतःच्याच प्रमाणात असतो ती राशी घातांकी वक्राने घटते. म्हणून प्रत्येक कालस्थिरांकाच्या अखेरीस आधीच्या अंतराचा ३६.८ टक्के भाग उरतो. पहिल्या कालस्थिरांकानंतर कपॅसिटर ६३.२ टक्के भरतो, दुसऱ्यानंतर ८६.५, तिसऱ्यानंतर ९५ आणि पाचव्यानंतर ९९.३ टक्के.

ओहम आणि फॅरड यांच्या गुणाकारातून सेकंद निघतात, हे प्रथम ऐकणाऱ्याला नेहमीच थोडे चमत्कारिक वाटते. ओहम म्हणजे व्होल्ट प्रति ॲम्पिअर, फॅरड म्हणजे कूलोम प्रति व्होल्ट. गुणाकारात व्होल्ट निघून जातात आणि कूलोम प्रति ॲम्पिअर उरते, तोच सेकंद. कालस्थिरांकाचा अर्थही यातूनच स्पष्ट होतो: सुरुवातीचा प्रवाह जर अजिबात कमी न होता वाहत राहिला असता, तर कपॅसिटर पूर्ण भरायला जितका वेळ लागला असता तितका हा काळ असतो.

आदर्श मंडलात ५० सेकंदांनी ३.९३, १०० सेकंदांनी ६.३२, २०० सेकंदांनी ८.६५, ३०० सेकंदांनी ९.५० आणि ५०० सेकंदांनी ९.९३ व्होल्ट मिळायला हवे होते. गटाच्या वहीत त्याच क्षणांपुढे ३.३९, ५.४४, ७.४२, ८.१५ आणि ८.५२ व्होल्ट असे आकडे होते. दहा मिनिटांनंतर आकडा ८.५५ च्या पुढे जेमतेम सरकत होता आणि शेवटी ८.५७ वर स्थिरावला. या आकड्यांचा आलेख काढला तर तो निर्दोष घातांकी वक्र दिसतो, फक्त त्याचे छत १० ऐवजी ८.५७ व्होल्टवर आहे. गटाने या छताचे ६३.२ टक्के काढले, ते ५.४२ व्होल्ट आले, आणि तेथवर पोहोचायला ९९ सेकंद लागले. पद्धत म्हणून यात काहीही गैर नाही. प्रश्न असा आहे की छत खाली आले कशाने.

तुटीचा हिशेब

आदर्श कपॅसिटर पूर्ण भरल्यावर त्यातून प्रवाह वाहत नाही. प्रवाह नाही तर रेझिस्टरवर व्होल्टेज पडण्याचे कारण नाही. येथे मात्र वक्र सपाट झाल्यानंतरही रेझिस्टरवर १.४३ व्होल्ट शिल्लक होते, आणि १ मेगओहमच्या रेझिस्टरवर १.४३ व्होल्ट याचा एकच अर्थ होतो: त्यातून सतत १.४३ मायक्रोॲम्पिअर प्रवाह वाहत आहे. हा प्रवाह कपॅसिटर भरत नाही, कारण व्होल्टेज वाढणे थांबले आहे. मग तो कपॅसिटरला समांतर असलेल्या एखाद्या वाटेने निघून जात असला पाहिजे.

पहिली वाट शोधावी लागत नाही, ती समोरच असते. डिजिटल मल्टिमीटरचा डीसी व्होल्टच्या टप्प्यांवरील इनपुट रोध, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधला स्वतःचा रोध, बहुधा १० मेगओहम असतो, आणि या मीटरच्या माहितीपत्रकातही तोच दिलेला होता. ८.५७ व्होल्टला त्यातून ०.८६ मायक्रोॲम्पिअर वाहतो. (काही साध्या मीटरचा इनपुट रोध १ मेगओहमच असतो, तसा मीटर येथे लावला असता तर वक्र ५ व्होल्टच्याही खालीच अडला असता आणि मग ‘प्रयोगातील त्रुटी’ म्हणून वेळ मारून नेता आली नसती.) केवळ मीटरच दोषी असता तर छत ९.०९ व्होल्टवर असते. ते त्याहून खाली आहे, म्हणजे ०.५७ मायक्रोॲम्पिअर आणखी कोठेतरी जात आहे.

ती दुसरी वाट खुद्द कपॅसिटरच्या आत आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रासायनिक क्रियेने तयार केलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर हाच विद्युतरोधक असतो. थर पातळ असल्यामुळेच एवढ्या लहान डबीत एवढी मोठी धारकता मावते. आणि तो थर परिपूर्ण नसल्यामुळेच त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो. या लीकेजची मर्यादा अनेक माहितीपत्रकांत धारकता आणि कमाल व्होल्टेज यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग अशी दिलेली असते. आपल्या कपॅसिटरसाठी ती २५ मायक्रोॲम्पिअर भरते. ०.५७ मायक्रोॲम्पिअर हा तिच्यापुढे किरकोळ आहे, तेव्हा कपॅसिटर बिघडलेला नव्हता, उलट चांगला होता. मात्र १ मेगओहमच्या रेझिस्टरमागे बसवल्यावर चांगल्या कपॅसिटरची किरकोळ गळतीसुद्धा अर्ध्या व्होल्टहून अधिक खाते. ८.५७ व्होल्टला ०.५७ मायक्रोॲम्पिअर म्हणजे ही गळती १५ मेगओहमच्या समांतर रोधासारखी वागते.

हा हिशेब कागदावर बसतो, पण तो खरा आहे हे मीटर बाजूला काढूनच ठरवावे लागते. म्हणून मीटरची एक तार सोडवून कपॅसिटर पंधरा मिनिटे चार्ज होऊ दिला आणि मग तार टेकवताच जो पहिला आकडा दिसला तो टिपला. मीटर जोडताच कपॅसिटर हळूहळू नव्या, खालच्या छताकडे निघतो, पण कालस्थिरांक शंभर सेकंदांच्या आसपास असल्याने पहिल्या सेकंदात एक-दोन शतांश व्होल्टही घट होत नाही. आकडा ९.३८ व्होल्ट होता. १ आणि १५ मेगओहमच्या विभागणीतून १० व्होल्टचे नेमके एवढेच उरतात.

मग कालस्थिरांक जुळला कसा

येथपर्यंत आल्यावर ९९ सेकंदांकडे परत पाहणे भाग पडते. मीटरचे १० आणि गळतीचे १५ मेगओहम समांतर धरले की ६ मेगओहम होतात. थेवेनिनने १८८३ मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार पुरवठा, १ मेगओहमचा रेझिस्टर आणि हे ६ मेगओहम मिळून कपॅसिटरला ८.५७ व्होल्टच्या पुरवठ्यासारखे आणि त्यामागे ०.८५७ मेगओहमचा रोध असल्यासारखे दिसतात. म्हणजे कपॅसिटर १ मेगओहममधून चार्ज होतच नव्हता. तो ०.८५७ मेगओहममधून चार्ज होत होता, आणि धारकता खरोखर १०० मायक्रोफॅरड असती तर कालस्थिरांक ८६ सेकंद यायला हवा होता. तो ९९ सेकंद आला, याचा अर्थ धारकता १०० नसून ११६ मायक्रोफॅरड होती. या प्रकारच्या कपॅसिटरवरील छापील आकड्यात सर्वसाधारणपणे २० टक्के अधिक-उणे गृहीतच धरलेले असते, तेव्हा ११६ मध्ये वावगे काही नाही. रोध १४ टक्के कमी, धारकता १६ टक्के जास्त. दोन चुकांनी एकमेकींना जवळजवळ पूर्ण खोडले आणि गुणाकार छापील आकड्यांच्या गुणाकाराजवळ येऊन बसला.

डिस्चार्जच्या वेळीही ९९ सेकंदच आले, याने गटाचा विश्वास दुणावला होता. पण ती दुसरी साक्ष नव्हेच. रेझिस्टरचे टोक पुरवठ्यावरून शून्यावर नेले तरी कपॅसिटरला दिसणारा रोध तोच ०.८५७ मेगओहम राहतो, कारण मीटर आणि गळती दोन्ही जागेवरच असतात. एकाच चुकीला दोनदा विचारले तर ती दोनदा तेच उत्तर देते. मंडल रेषीय आहे तोवर चार्ज आणि डिस्चार्ज यांचे कालस्थिरांक सारखे येणे अपरिहार्य आहे, आणि त्या सारखेपणावरून रोध किंवा धारकता यांपैकी कशाचाही खरेपणा सिद्ध होत नाही.

११६ हा आकडा मात्र गळतीच्या आणि मीटरच्या हिशेबावर अवलंबून न राहता मिळवता येतो का? येतो, आणि तोही पहिल्या दहा सेकंदांतच. स्विच टाकला त्या क्षणी कपॅसिटरवर शून्य व्होल्ट असतात. शून्य व्होल्टला मीटरमधून काही वाहत नाही आणि गळतीतूनही नाही. त्यामुळे पुरवठ्याकडून येणारे १० मायक्रोॲम्पिअर सगळेच्या सगळे कपॅसिटरमध्ये जातात. आरंभीचा चढ हा अशा रीतीने समांतर वाटांपासून मुक्त असतो आणि तो फक्त धारकतेबद्दल बोलतो. दहा सेकंदांनी मीटरवर ०.८२ व्होल्ट होते. छापील १०० मायक्रोफॅरड खरे असते तर आदर्श मंडलात ०.९५ व्होल्ट दिसले असते, आणि मीटर व गळती धरूनही जवळपास तेवढेच, फार तर शतांश-दीड शतांश व्होल्ट कमी. प्रवाह १० मायक्रोॲम्पिअरच राहिला असे ढोबळ मानले तर धारकता १२२ मायक्रोफॅरड निघते. पण या दहा सेकंदांत कपॅसिटरवर सरासरी ०.४२ व्होल्ट होते, म्हणून रेझिस्टरमधून सरासरी ९.५८ मायक्रोॲम्पिअर आले आणि त्यांपैकी ०.०७ समांतर वाटांनी गेले. उरलेल्या ९.५१ मायक्रोॲम्पिअरने दहा सेकंदांत ९५.१ मायक्रोकूलोम भार दिला; त्याला ०.८२ व्होल्टने भागले की ११६ मायक्रोफॅरड.

गटाच्या वहीत दहाव्या सेकंदाची ही नोंद होती, पण आलेख काढताना तिचा उपयोग झाला नव्हता, कारण सगळे लक्ष ६३.२ टक्क्यांच्या बिंदूवर होते. पाठ्यपुस्तकी पद्धतीतला हा दोष मला खरोखर गंभीर वाटतो. ६३.२ टक्क्यांचा बिंदू रोध आणि धारकता यांचा फक्त गुणाकार देतो. वक्राचा प्रारंभ आणि वक्राचे छत हे दोन्ही मिळून त्या दोघांना वेगळे करतात.

निर्णायक बदल

केलेले निदान बरोबर असेल तर त्यावरून पुढचा निकाल आधीच सांगता आला पाहिजे. म्हणून १ मेगओहमचा रेझिस्टर काढून त्या जागी १०० किलोओहमचा बसवायचे ठरले, आणि स्विच टाकण्यापूर्वी अपेक्षित आकडे लिहून ठेवले. छापील आकड्यांवर विसंबणाऱ्याने १० सेकंदांचा कालस्थिरांक आणि १० व्होल्टचे छत लिहिले असते. आपल्या निदानाप्रमाणे ६ मेगओहमची समांतर वाट आता १०० किलोओहमपुढे नगण्य ठरत असल्याने छत ९.८४ व्होल्टपर्यंत चढले पाहिजे. आणि रोधातली चूक १४ टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आत आल्यामुळे धारकतेतली १६ टक्क्यांची चूक उघडी पडून कालस्थिरांक ११.४ सेकंद आला पाहिजे. मोजल्यावर छत ९.८४ व्होल्टवर आले आणि कालस्थिरांक साडेअकरा सेकंदांच्या जवळ आला. स्टॉपवॉच हाताने दाबायचे असल्याने दशांश सेकंदावर भरवसा ठेवता येत नाही, तरी १० आणि ११.४ यांतला फरक हाताला सहज कळतो. मंडल सुधारले तसे उत्तर सूत्राच्या छापील आकड्यापासून दूर गेले, आणि ते दूर जाणेच बरोबर होते.

आणखी एक पडताळा स्विच मधोमध ठेवून घेतला. रेझिस्टर सुटला की कपॅसिटरला रिकामे होण्यासाठी फक्त मीटर आणि गळती याच वाटा उरतात. मीटर जोडलेला ठेवून पाच मिनिटांत व्होल्टेज ८.५७ वरून ५.५७ वर आले, म्हणजे कालस्थिरांक सुमारे ६९६ सेकंद. ११६ मायक्रोफॅरडने भागल्यास ६ मेगओहम. मग कपॅसिटर मीटरविना ९.३८ व्होल्टपर्यंत चार्ज करून, स्विच मधोमध आणून, मीटर सुटाच ठेवला आणि पाच मिनिटांनी क्षणभर टेकवला: ७.८९ व्होल्ट. हा कालस्थिरांक १७४० सेकंदांच्या आसपास येतो आणि गळतीचे १५ मेगओहम पुन्हा हाती लागतात.

मंडल कसे बदलावे

मीटरचा भार कमी करण्याचा सरळ मार्ग म्हणजे रोध लहान घेऊन धारकता त्याच प्रमाणात मोठी घेणे: १०० किलोओहम आणि १००० मायक्रोफॅरड. कालस्थिरांक १०० सेकंदच राहतो आणि १० मेगओहमचा मीटर आता केवळ एका टक्क्याने छत खाली आणतो. गळतीच्या बाबतीत मात्र हा उपाय जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही. त्याच जातीच्या दहापट मोठ्या कपॅसिटरमध्ये ऑक्साइडचे क्षेत्रफळ दहापट असते, तेव्हा गळतीही साधारण दहापट होते. रोध दहावा भाग झाला, गळती दहापट झाली, तूट तेवढीच राहिली. कपॅसिटरचा स्वतःचा गळतीचा रोध आणि धारकता यांचा गुणाकार, म्हणजे वर काढलेले १७४० सेकंद, हा मुख्यतः रोधक थराच्या गुणधर्मावर ठरतो, कपॅसिटरच्या आकारावर नव्हे. १०० सेकंदांचा कालस्थिरांक या १७४० सेकंदांपुढे पुरेसा लहान नाही, हे छत ९.३८ व्होल्टवर अडण्याचे मूळ कारण आहे.

तेव्हा एकतर कालस्थिरांक दहा सेकंदांपर्यंत खाली आणावा, किंवा कपॅसिटरची जात बदलावी. पॉलिप्रोपिलीन फिल्मच्या कपॅसिटरमध्ये हाच गुणाकार दहा हजार सेकंदांच्या वर असतो. पण असे कपॅसिटर काही मायक्रोफॅरडच्या पुढे फार अवजड होतात. शंभर सेकंद हवे असतील तर रोध दहा-वीस मेगओहम घ्यावा लागतो, आणि मग मीटर थेट लावणे अशक्यच होते. तेथे मीटर आणि कपॅसिटर यांच्यामध्ये जेएफईटी इनपुटचा ऑपॲम्प (इनपुटला जवळजवळ प्रवाह न घेणारी प्रवर्धक चिप) व्होल्टेज फॉलोअर म्हणून, म्हणजे इनपुटचे व्होल्टेज जसेच्या तसे पुढे देणारा म्हणून, बसवावा. त्याचा इनपुट प्रवाह पिकोॲम्पिअरच्या घरात असतो, म्हणजे या प्रकरणातील मीटरच्या प्रवाहाच्या हजारो पटींनी कमी.

प्रयोग पुन्हा करताना दोन गोष्टींनी आकडे हलतात. पहिली डायइलेक्ट्रिक शोषणाची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काही सेकंद शॉर्ट करून सोडला तर थोड्याच मिनिटांत त्यावर पुन्हा शेकडो मिलिव्होल्ट दिसू लागतात, कारण रोधक थरात रुतलेला भार सावकाश बाहेर येतो. अशा अवस्थेत लगेच दुसरी फेरी सुरू केली तर आरंभ शून्यावरून होत नाही आणि नेमकी पहिल्या दहा सेकंदांची नोंद बिघडते, जिच्यावर धारकतेचे मापन अवलंबून आहे. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये कपॅसिटर १ किलोओहममधून निदान दहा मिनिटे शॉर्ट ठेवावा आणि स्विच टाकण्यापूर्वीचा आकडा लिहून घ्यावा.

दुसरी गोष्ट गळतीच्या स्वभावाची. १५ मेगओहम हा रोध रेझिस्टरसारखा स्थिर नाही. बराच काळ न वापरलेल्या कपॅसिटरला व्होल्टेज दिल्यावर ऑक्साइडचा थर हळूहळू सावरतो आणि गळती कमी होत जाते; तापमान वाढले की ती वाढते; व्होल्टेज कमी झाल्यास ती प्रमाणापेक्षाही अधिक घटते. म्हणून मधोमध स्विच ठेवून घेतलेले मापन पाच मिनिटांऐवजी तासभर चालवले, तर शेवटचे बिंदू घातांकी वक्राच्या वर राहू लागतील आणि हिशेबातला रोध १५ मेगओहमच्या पुढे जाईल. वहीतली मूळ नोंद या सगळ्याला धरून अशी बदलली: १ मेगओहमच्या रेझिस्टरसह, १० मेगओहमचा मीटर जोडलेला असताना, संपूर्ण मंडलाचा कालस्थिरांक ९९ सेकंद, कपॅसिटरची धारकता ११६ मायक्रोफॅरड, त्याची गळती ८.५७ व्होल्टला, वक्र स्थिरावल्यानंतर, ०.५७ मायक्रोॲम्पिअर, आणि केवळ रेझिस्टर व कपॅसिटर यांचा कालस्थिरांक ११६ सेकंद.